रिकाम्या टाकीची जबाबदारी कोणाची?

इंधनाचा टँकर पेटला की आपली चर्चा ठरलेल्या वाटांनी जाते. रस्त्यावर पेटला असेल तर चालक, वेग आणि खड्डे यांवर बोललं जातं. गॅरेजमध्ये पेटला असेल तर वेल्डरचा निष्काळजीपणा निघतो आणि त्यामागोमाग मागणी येते, ‘ही गॅरेजं वस्तीबाहेर हलवा.’ २० डिसेंबर २०२४ रोजी जयपूर-अजमेर महामार्गावर गॅसच्या टँकरला ट्रकची धडक बसून जो हाहाकार झाला, त्यानंतर देशभर टँकरच्या सुरक्षेवर बोललं गेलं आणि ते योग्यच होतं. पण त्या सगळ्या बोलण्यात टँकर होता तो भरलेला. माल उतरवून झालेला, टाकी झिरपते म्हणून ती जोडून घ्यायला छत्रपती संभाजीनगरच्या बीड बायपासवर किंवा जालना रोडवर एखाद्या गॅरेजच्या दारात उभा राहिलेला टँकर त्यात नव्हता. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून मराठवाड्याच्या मोठ्या भागाला इंधन येतं. जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी संप केला तेव्हा दोन दिवसांत पंपांवर रांगा लागल्या. टँकर थांबला की आपल्याला लगेच कळतं. तो चालू राहावा म्हणून कोणीतरी त्याच्या टाकीवर चढून, प्रसंगी टाकीत उतरून काम करतो, हे मात्र भडका उडेपर्यंत कोणाला दिसत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. दुरुस्तीला आलेली टाकी वायुमुक्त आहे की नाही, म्हणजे तिच्यात पेटण्याजोगी वाफ उरलेली नाही ना, हे ठरवण्याचं ओझं वेल्डरवर टाकणं ही मूळ चूक आहे. टाकी धुऊन, मीटरने तपासून, तसा लेखी दाखला सोबत देऊनच ती दुरुस्तीला पाठवायची, ही जबाबदारी टँकरमालकाची आणि ज्यांचं इंधन तो वाहतो त्या कंपन्यांची आहे. आणि ती पार पाडता यावी म्हणून टाक्या धुण्याची व तपासण्याची सोय प्रत्येक जिल्ह्यात उभी राहिली पाहिजे. गॅरेज चार किलोमीटर पुढे सरकवून किंवा भाजलेल्या माणसाच्या मालकावर गुन्हा नोंदवून हे साधणार नाही.

हे पटायला टाकीच्या आत काय घडतं ते नीट पाहावं लागेल, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. पेट्रोल जळतं म्हणजे त्याची वाफ जळते. हवेत या वाफेचं प्रमाण साधारण १.४ टक्क्यांहून कमी असेल तर ती पेटत नाही, ७.६ टक्क्यांच्या वर गेलं तरीही पेटत नाही, कारण मग हवा अपुरी पडते. पेट्रोलने भरलेल्या टाकीत वरच्या मोकळ्या जागेत वाफ इतकी दाट असते की ती या वरच्या मर्यादेच्या पलीकडे गेलेली असते. माल उतरवला की बाहेरची हवा आत शिरते आणि वाफ पातळ होत नेमकी पेटण्याजोग्या प्रमाणात येते. ५,००० लिटरचा एक कप्पा घ्या. त्यात १.४ टक्के म्हणजे ७० लिटर वाफ. एक लिटर पेट्रोलपासून दीडशे ते दोनशे लिटर वाफ तयार होते. म्हणजे तळाच्या खळग्यात, बॅफलच्या, म्हणजे आतलं इंधन हिंदकळू नये म्हणून बसवलेल्या पत्र्यामागे किंवा व्हॉल्व्हच्या नळीत अर्धा लिटर पेट्रोल राहिलं, तर तो अख्खा कप्पा स्फोटाला तयार असतो. त्याला पेटवायला लागणारी ऊर्जा मिलीज्यूलच्या पाव भागाइतकी असते; हिवाळ्यात लोखंडी दाराला हात लावताना बसणाऱ्या झटक्यात याहून कितीतरी जास्त ऊर्जा असते. मग वेल्डिंगच्या ज्योतीची, ग्राइंडरच्या ठिणग्यांची किंवा आत सोडलेल्या साध्या बल्बची काय कथा?

ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. त्यामुळे मॅनहोलचं झाकण रात्रभर उघडं ठेवलं म्हणजे ती निघून गेली, असं होत नाही; ती तळाशी बसून राहते. ‘वास येत नाही’ हाही भरवशाचा पुरावा नाही. आपलं नाक पेट्रोल ओळखतं ते स्फोटाच्या मर्यादेच्या हजारो पट खाली, आणि दिवसभर त्याच वासात काम करणाऱ्याचं नाक थोड्या वेळाने ते ओळखायचंच थांबतं. म्हणजे नाक सुरुवातीला गरज नसताना ओरडतं आणि गरज असते तेव्हा गप्प बसतं. शिवाय टाकीच्या आतल्या गंजाच्या पापुद्र्यांत आणि गाळात इंधन मुरलेलं असतं. सकाळी गार असताना मीटर शून्य दाखवतो, दुपारी पत्रा तापला की तोच गाळ वाफ सोडू लागतो. म्हणून तपासणी कामाआधी एकदा करून भागत नाही. प्रत्येक कप्प्यात, वर, मधे आणि तळाशी, आणि काम लांबलं तर पुन्हा करावी लागते. आधी ऑक्सिजन मोजायचा आणि मग वाफ, कारण ऑक्सिजन कमी असेल तर नेहमीचा गॅसमीटर खोटं कमी माप दाखवतो. हे सगळं तंत्र आहे. ते शिकावं लागतं, त्याला उपकरण लागतं, आणि त्या उपकरणाचं अंशांकन, म्हणजे ते बरोबर माप दाखवतं ना याची पडताळणी, वेळच्या वेळी करावं लागतं. तीन माणसांच्या गॅरेजमध्ये हे कुठून येणार?

आता ‘डिझेलची टाकी आहे, तिला काही होत नाही’ हा आपल्याकडचा पक्का समज. थंड प्रदेशात तो बऱ्याच अंशी खराही ठरेल. पण भारतीय मानकात वाहनांच्या डिझेलचा ज्वलनबिंदू किमान ३५ अंश सेल्सियस ठेवलेला आहे. म्हणजे ३५ अंशांपासूनच पेटण्याजोगी वाफ देणारं डिझेलही या मानकात बसतं. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात हवेचंच तापमान ४२-४३ अंशांवर जातं. उन्हात उभ्या टाकीचा पत्रा त्याहून तापतो, आणि त्यावर गॅस कटर धरला की त्या जागेपुरता तर हिशोबच संपतो. त्यात एकाच कप्प्यातून काल पेट्रोल आणि आज डिझेल गेलेलं असेल, तर ‘डिझेलची टाकी’ या म्हणण्याला काय अर्थ उरतो?

मराठवाड्यात याहून नवा प्रश्न आला आहे आणि त्यावर जवळजवळ कोणीच बोलत नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठलं. साखर कारखान्यांच्या आसवन्यांमधून (डिस्टिलऱ्यांमधून) हे इथेनॉल टँकरनेच निघतं. आपला भाग उसाच्या पट्ट्यातला, म्हणून या टँकरच्या दुरुस्तीचा भारही आपल्याच गावांवर येणार. इथेनॉल पेट्रोलहून सौम्य, असं ऐकू येतं. पण हवेत ३.३ पासून १९ टक्क्यांपर्यंत त्याची वाफ पेटते, आणि आपल्या रोजच्या तापमानाला टाकीतली वाफ नेमकी याच पट्ट्यात असते. म्हणजे इथेनॉलचा टँकर भरलेला असला तरी त्याच्या वरच्या मोकळ्या जागेत स्फोटाची सामग्री तयार असते. त्याची ज्वाला दिवसा डोळ्यांना जेमतेम दिसते. एक गोष्ट त्याच्या बाजूने आहे: ते पाण्यात पूर्ण मिसळतं, त्यामुळे भरपूर पाण्याने टाकी धुणं पेट्रोलच्या टाकीपेक्षा सोपं आहे. भरपूर पाण्याने, हे मात्र विसरायचं नाही.

समोरच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा वेल्डरांचाच आहे, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. ‘वीस-वीस वर्षं आम्ही हेच काम करतोय. टाकीत पाणी भरतो आणि वरून जोडतो. कुठे काय झालं?’ या म्हणण्यात खरं शहाणपण आहे. पाण्याने मोकळी जागा व्यापली की वाफेला जागा उरत नाही, हे शास्त्राला धरूनच आहे. पुस्तक न वाचता कारागिरांनी ही गोष्ट ओळखली याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं आहे. पाणी वर चढतं तसं तळातलं उरलंसुरलं पेट्रोल त्याच्यावर तरंगत वर येतं आणि नेमकं त्याच उरलेल्या पोकळीत जमा होतं, जिच्यावर ज्योत धरायची असते. पाणी ओसंडून वाहेपर्यंत भरलं, वरचा थर काढून टाकला, शेजारचे कप्पेही भरले, तर पद्धत बरीचशी सुरक्षित होते. त्यासाठी १२,००० किंवा २०,००० लिटर पाणी लागतं. ज्या भागात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, जिथे उन्हाळ्यात गावंच्या गावं पाण्याच्या टँकरची वाट पाहतात, तिथे एक टाकी जोडायला एवढं पाणी गॅरेजवाल्याने कुठून आणायचं? मग दोन-चार पिंपांवर भागवलं जातं, आणि अर्धवट पाणी भरलेली टाकी अर्धवट रिकामी असते. कुठे चालू गाडीच्या धुराड्याची नळी आत सोडून वाफ ‘मारायची’ युक्ती सांगितली जाते. मोकळ्या फिरणाऱ्या डिझेल इंजिनाच्या धुरात भरपूर ऑक्सिजन शिल्लक असतो. तो वाफेला मारत नाही.

वीस वर्षांच्या अनुभवाचा पुरावाही तपासून पाहिला पाहिजे. तो सांगणारे सगळे वाचलेले असतात. ज्याच्या बाबतीत एकदाच चुकलं तो आपली बाजू मांडायला येत नाही. डिसेंबर १९६९ मध्ये समुद्रावर काय घडलं ते इथे सांगायलाच हवं. ‘मार्पेसा’, ‘मॅक्ट्रा’ आणि ‘काँग हाकोन सातवा’ ही जगातली त्या काळची अवाढव्य, जवळपास नवी तेलवाहू जहाजं तीन आठवड्यांच्या आत एकामागून एक स्फोटाने फुटली. तिन्ही रिकामी होती. माल उतरवून परतताना तिन्हींच्या टाक्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी धुतल्या जात होत्या. जहाजांवरचे लोक अनाडी नव्हते, कंपन्या गरीब नव्हत्या, आणि कोणी विडी पेटवल्याचं सापडलं नाही. शोध घेतला तेव्हा कळलं की त्या फवाऱ्यांच्या तुषारांतूनच स्थिर विद्युतभार तयार होतो. अनुभवी खलाशांची वर्षानुवर्षांची पद्धत टाकीचा आकार वाढताच जिवावर उठली होती. त्यानंतर जगाने खलाशांना ‘जपून धुवा’ असं सांगण्यावर भागवलं नाही. टाकीत निष्क्रिय वायू भरून आतला ऑक्सिजनच इतका कमी ठेवायचा की ठिणगी पडली तरी काही पेटू नये, अशी यंत्रणा मोठ्या तेलवाहू जहाजांवर आंतरराष्ट्रीय नियमांनी बंधनकारक झाली. खर्च जहाजमालकाने उचलला. समुद्रावर जे तत्त्व पन्नास वर्षांपूर्वी मान्य झालं ते बीड बायपासवर का लागू होऊ नये? तिथला माणूस कमी जळतो का?

‘कायदा आहेच की, अंमलबजावणी करा,’ असं काही जण म्हणतात. कायदा होता हे खरंच आहे, आणि तो चांगला होता. कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ३७ मध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं की ज्वलनशील पदार्थ असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या टाकीवर, तो पदार्थ आणि त्याची वाफ काढून टाकल्याशिवाय किंवा निर्धोक केल्याशिवाय वेल्डिंग किंवा कटिंग करायचं नाही. ‘पूर्वी असलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे, कारण ते रिकाम्या टाकीला लागू होत होते. कलम ३६-अ म्हणत होतं की बंदिस्त टाकीत पुरेशी सुरक्षा साधनं नसतील तर २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा हातदिवा न्यायचा नाही, आणि ज्वलनशील वाफ असण्याची शक्यता असेल तर तो ज्वालारोधक हवा. याच कायद्याच्या व्याख्येत दुरुस्ती आणि धुणं ही कामंही उत्पादनप्रक्रियेत धरलेली होती. मग अडलं कुठे? डोक्यांच्या मोजणीत. ब्रिटिश हिंदुस्थानात १८८१ चा पहिला कारखाना कायदा १०० माणसांच्या कारखान्याला लागू होता. १८९१ मध्ये आकडा ५० वर आला, १९२२ मध्ये २० वर, आणि १९४८ मध्ये वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० वर. सत्तर वर्षं लढून तो खाली आणला. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने तो पुन्हा २० वर नेऊन ठेवला. एक वेल्डर, एक फिटर आणि दोन पोरगेले हेल्पर असलेलं गॅरेज १८८१ मध्ये कायद्याबाहेर होतं आणि आजही आहे. स्फोट मात्र माणसं मोजून होत नाही. उलट माणसं जितकी कमी तितका नजर ठेवणारा, अग्निशामक हाती धरून उभा राहणारा माणूस नसण्याचा संभव जास्त. धोकादायक कामाच्या जागी हा आकडा बाजूला ठेवण्याचा अधिकार जुन्या आणि नव्या दोन्ही कायद्यांनी सरकारला दिलेला आहे. इंधनाच्या टाक्यांवरचं आगीचं काम त्या यादीत आणण्यासाठी संसदेची वाट पाहावी लागत नाही, एक अधिसूचना पुरते.

खर्चाचा मुद्दा मी मानतो. टाकी वाफेने धुणं, वारा खेळवणं, तपासणं यात पैसा जातो आणि टँकर एखादा दिवस उभा राहतो. वाहतुकीचे दर निविदेत आधीच घासून घेतलेले असतात; एक-दोन टँकरच्या मालकाला हप्ते फेडायचे असतात. तो स्वस्त गॅरेज शोधणार, आणि स्वस्त गॅरेजवाला नाही म्हणाला तर शेजारचा हो म्हणणार. म्हणूनच हा भार वेल्डरच्या विवेकावर सोडता येत नाही. पण ‘परवडत नाही’ हे कारण महाराष्ट्राने याआधीही ऐकलं आहे. नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याची एक सुट्टी मागत होते तेव्हा मालकांना तीही जड वाटत होती. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली, आणि गिरण्या त्यानंतर कित्येक दशकं चालल्या. सगळ्यांना सारखा लागू होणारा खर्च दरात मिसळून जातो. परवडत नाही ते एकट्यादुकट्याने प्रामाणिक राहणं.

तपासणी वाढली की तपासणाऱ्यांना द्यावे लागणारे हप्ते वाढतात, ही भीतीही खोटी नाही. आणि इंधनाच्या धंद्यात नियमावर बोट ठेवणं किती महाग पडू शकतं, हे आपण २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पाहिलं आहे. अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळलं. त्यामुळे गॅरेज-गॅरेज फिरणाऱ्या एकट्या निरीक्षकाच्या हिमतीवर ही व्यवस्था उभी करा, असं मी म्हणणार नाही. ती उभी करायची जागा कंत्राट ही आहे. तेल कंपन्यांच्या वाहतूक कंत्राटांत भेसळ किंवा मापातली खोट सापडली तर टँकर काळ्या यादीत टाकण्याची तरतूद असते. वैधमापन विभाग टाकीचं माप पडताळून देतो. नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे ‘पेसो’, टँकरला परवाना देते. टँकर वाटेत कुठे आणि किती वेळ थांबला हे उपग्रहाच्या यंत्रणेवर कंपनीला दिसतं. इंधनाचा थेंब अन् थेंब मोजणारी एवढी व्यवस्था आपण उभारली. त्याच टाकीतली वाफ माणूस आत उतरण्याआधी एकदा मोजायला त्यात एक कलम का बसत नाही? टाकीवर जोडकाम झालेलं असेल तर वायुमुक्तीचा दाखला दाखवल्याशिवाय डेपोत पुन्हा भरणी नाही, एवढं कंत्राटात लिहा. डेपोचं फाटक चुकवून कोणत्याही टँकरमालकाला धंदा करता येत नाही.

वस्तीबाहेर हलवण्याच्या मागणीमागे शेजाऱ्यांची भीती आहे आणि ती रास्त आहे. घरांच्या ओळीत टाकी कापणं कोणीही खपवून घेऊ नये. पण नुसतं हलवलं तर काय होतं? शेजारी वाचतात, वेल्डर तिथेच राहतो, अग्निशमनाची गाडी आणखी लांब पडते, आणि भाजलेल्या पोराला घाटी रुग्णालयात आणायला आणखी वेळ लागतो. जागा बदलायचीच असेल तर धुण्या-तपासण्याच्या सोयीसकट बदला. वाळूज, जालना, लातूर, नांदेड इथल्या औद्योगिक वसाहतींत अशी एकेक जागा निघू शकते: पक्का उतार असलेला कट्टा, वाफेचा बॉयलर, टाकीला जमिनीशी जोडणारी तार, वारा खेळवणारे ज्वालारोधक पंखे, धुतलेलं तेलकट पाणी वेगळं करून तेच पुन्हा वापरण्याची टाकी, आणि मीटर हाताळायला शिकवलेली दोन माणसं. बांधणी तेल कंपन्यांनी आणि आसवन्यांनी मिळून करावी, धुण्याचं शुल्क टँकरमालकाने भरावं, आणि ते वाहतुकीच्या दरात धरलं जावं. इंधनाची जुनी टाकी पाणी वाहायला घ्यायची असेल, तर तिच्यावर कटर लावण्याआधी तीही याच कट्ट्यावरून जावी. टंचाईच्या वर्षी घाईघाईने टाकी कापायचा मोह मोठा असतो, आणि पाण्याचा टँकर होणार म्हणून तिच्यातली पेट्रोलची वाफ कमी धोक्याची होत नाही.

दाखल्यावर काय असावं हेही ठरलेलं हवं: टँकरचा क्रमांक, शेवटचा माल कोणता, प्रत्येक कप्प्याचं ऑक्सिजन आणि वाफेचं माप, तपासल्याची वेळ, आणि तो किती तास चालेल. ती मुदत उलटली की पुन्हा तपासणी. वेल्डरच्या हातात हा कागद असेल तर तो पहिल्यांदाच मालकाला सांगू शकेल की कागदाशिवाय मी टाकीला हात लावत नाही, आणि शेजारचा गॅरेजवालाही त्याला तेच सांगेल. दाखला खोटा निघाला तर सही करणारा आणि टाकी पाठवणारा, दोघे जबाबदार. टाकीत काय होतं हे ज्याला माहीत असतं, ती धुऊन घ्यायला ज्याच्याकडे पैसा असतो आणि ती थांबवून ठेवायचा अधिकार ज्याच्याकडे असतो, त्याचं नाव त्या कागदावर असायला हवं. वेल्डरकडे यातलं काहीच नसतं.